साथ का ओसरते?

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते. यात्रेबरोबर घोड्यांचा बाजारही भरतो आणि तो महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात अशा दूरच्या प्रदेशांतून जनावरे येतात, काही दिवस एकमेकांशेजारी बांधलेली असतात आणि विकली गेली की निरनिराळ्या दिशांना पांगतात. समजा, त्यांतला एक घोडा आजारी आहे आणि त्याचा रोग संसर्गजन्य आहे. यात्रा उठेपर्यंत किती घोड्यांना लागण होईल? पुढे त्यांच्याबरोबर रोग किती गावांना पोहोचेल? हा प्रश्न निव्वळ कल्पनेतला नाही. घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग २००६-०७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पुन्हा उद्भवला होता. आणि याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची भारतातली पहिली साथ नोंदली गेली.

साथ कशी सुरू होते, हे सगळेच विचारतात. पण साथ थांबते का, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. गावात हजार माणसे असतात, साथ येते, शंभर-दीडशे आजारी पडतात आणि एके दिवशी साथ ओसरते. उरलेल्या साडेआठशेंना का सोडले? जंतू थकला का? हवा बदलली का? की आणखी काही? या प्रश्नाचे गणिती उत्तर शोधण्याचा जो इतिहास आहे, त्याचा एक मोठा भाग महाराष्ट्रातून जातो. साथींच्या गणितावरील जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात एक आलेख असतो. तो आहे १९०५-०६ साली मुंबई बेटावर प्लेगने झालेल्या मृत्यूंचा. आम्हांला हा आलेख परदेशी लेखकांच्या पुस्तकांत प्रथम भेटला. मुंबईच्या या आकड्यांची गोष्ट मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही, म्हणून हा लेख.

मुंबईतला प्लेग २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना व त्यांच्या घरच्यांना उचलून छावण्यांत नेण्यात आले, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. राजकीय इतिहासात या झडत्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधायचे आहे. या सर्व उपायांमागे एक गृहीतक होते : प्लेग माणसाकडून माणसाला होतो, किंवा रोग्याच्या कपड्यालत्त्यातून, घरातल्या घाणीतून होतो. हे गृहीतक कोणी समीकरणात मांडले नव्हते. पण ते होते, आणि त्याच्या जोरावर हजारो माणसांना घराबाहेर काढले जात होते. आज ज्याला आपण गणिती प्रतिमान म्हणतो, ते असेच असते. फरक एवढाच की प्रतिमानात गृहीतके कागदावर लिहावी लागतात, त्यामुळे ती तपासता येतात.

लोकांचे गृहीतक मात्र निराळे होते. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि शेतात झोपड्या घालून राहायचे, हे महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांनी आपापल्या अनुभवाने ठरवले होते. उंदीर आणि माणूस यांना एकमेकांपासून दूर करण्याचा हा उपाय झडत्यांपेक्षा कितीतरी शहाणपणाचा होता. पण त्याचे कारण तेव्हा कोणाला सांगता येत नव्हते.

कारण सापडले ते परळला. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून प्लेग उंदराच्या पिसवांतून पसरतो असे सुचवले होते. त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ साली प्लेग संशोधन आयोगाचे काम मुंबईत सुरू झाले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा होती (१९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते), तेथे हे काम चालले. ग्लेन लिस्टन हे त्यातले प्रमुख संशोधक. त्यांनी मुद्दाम लहान लहान कोठ्या बांधून घेतल्या आणि त्यांत निरोगी गिनीपिग प्लेग झालेल्या गिनीपिगांच्या अगदी सहवासात ठेवले. पिसवा नसतील तर अंगाला अंग लागूनही रोग पसरेना. पिसवा सोडल्या की साथ सुरू. प्लेग झालेल्या घरांत नुसते जमिनीवर सोडलेले गिनीपिग मरत. पण पिसवांना चढता येणार नाही अशी व्यवस्था केलेल्या पिंजऱ्यातले वाचत. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला ‘नियंत्रित प्रयोग’ शिकवताना परदेशी उदाहरणेच देण्याचे कारण नाही. परळचा हा प्रयोग जगातल्या उत्तम उदाहरणांपैकी एक आहे.

आयोगाने आणखी एक गोष्ट दाखवली. मुंबईत साथ आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत चढे, त्यानंतर घरातल्या काळ्या उंदरांत आणि शेवटी माणसांत. म्हणजे माणसांमधली साथ ही उंदरांमधल्या साथीची सावली होती. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता थोडे इंग्लंड-स्कॉटलंडकडे वळू. १८४० साली विल्यम फार यांनी देवीच्या साथीचे आकडे मांडताना पाहिले होते, की मृत्यूंचा आलेख घंटेसारखा दिसतो. जसा चढतो तसाच उतरतो. मुंबईत लिस्टन गिनीपिगांवर प्रयोग करत होते त्याच सुमारास, १९०६ साली, जॉन ब्राऊनली यांनी या घंटेचे स्पष्टीकरण दिले. त्यांच्या मते जंतूच हळूहळू दुबळा होतो. साथीच्या सुरुवातीला त्याची लागण करण्याची शक्ती सर्वांत जास्त असते आणि पुढे ती ठराविक प्रमाणात घटत जाते. म्हणून साथ ओसरते. आजच्या भाषेत बोलायचे तर ब्राऊनली यांचे म्हणणे होते, की साथ चालू असताना जंतूमध्ये बदल होतो आणि तो बदल आपल्या फायद्याचा असतो.

हे उत्तर मनाला पटते. ‘रोग जुना झाला की सौम्य होतो’ हे आपणही सहज म्हणतो. पण त्यातला धोका पाहा. जंतू आपोआप दुबळा होणार असेल, तर वाट पाहणे हाच उपाय ठरतो.

ब्राऊनली यांना उत्तर मिळाले ते एका अशा माणसाकडून, ज्याने आयुष्याची ऐन वर्षे भारतात काढली होती. अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक यांचा जन्म १८७६ साली एडिंबराचा. पेशाने डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भरती झालेले. हिवताप डासांमुळे होतो हे १८९७ साली सिकंदराबादेत सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०१ साली सिएरा लिओनला गेले तेव्हा तरुण मॅकेंड्रिक त्यांच्याबरोबर होते. रॉस यांना गणिताचे वेड होते आणि ते त्यांनी या सहकाऱ्याला लावले. मॅकेंड्रिक यांनी पुढे गणित स्वतःच शिकून घेतले. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत असताना त्यांनी केशव पै या भारतीय सहकाऱ्याबरोबर जिवाणूंची संख्या कोणत्या वेगाने वाढते यावर एक गणिती लेख लिहिला. अन्न भरपूर असताना जिवाणू दुपटीने वाढतात, पण अन्न संपत आले की वाढ मंदावते आणि आलेख आडवा होतो, हे त्यांनी समीकरणाने आणि प्रयोगानेही दाखवले. आज बारावीच्या जीवशास्त्रात ‘एस’ आकाराचा वाढीचा वक्र शिकवताना केशव पै यांचे नाव घ्यायला हरकत नाही.

आजारपणामुळे १९२० साली मॅकेंड्रिक भारतातून परत गेले आणि एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. भारतातले आकडे मात्र त्यांच्याबरोबर गेले. १९२६ सालच्या त्यांच्या लेखातले एक उदाहरण इतके सुंदर आहे, की ते पूर्ण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नववी-दहावीच्या मुलांनाही ते करून पाहता येईल.

भारतातील एका खेड्यात कॉलरा झाला. गावात २२३ घरे. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही, ३२ घरांत एकेक रोगी, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रोगी ८६. प्रश्न असा : ज्या १६८ घरांत रोगी नव्हते, ती सगळीच घरे नशिबाने वाचली, की त्यांतल्या पुष्कळांना धोकाच नव्हता?

एकाच घरातल्या रोग्यांच्या जोड्या मोजू. प्रत्येक रोग्याला विचारायचे, ‘तुझ्या घरात तुझ्याशिवाय किती रोगी?’ आणि उत्तरांची बेरीज करायची. दोन रोग्यांच्या घरातून २ अशी १६ घरांची ३२. तीन रोग्यांच्या घरातून प्रत्येकाचे उत्तर २, म्हणजे ६, अशी सहा घरांची ३६. चार रोग्यांच्या घरातून १२. एकूण ८०. आता ८६ रोगी जर घरांच्या एका गटात निव्वळ योगायोगाने विखुरले असतील, तर ही बेरीज सुमारे ८६ गुणिले ८६ भागिले घरांची संख्या एवढी असायला हवी. घरे २२३ धरली तर ती फक्त ३३ येते. ८० यायची असेल तर घरे हवीत साडेब्याण्णव! मॅकेंड्रिक यांनी ९३ धरली. म्हणजे धोका असलेली घरे सुमारे ९३ होती. त्यांतल्या ५५ घरांत रोग शिरला आणि ३७-३८ घरे खरोखर नशिबाने वाचली. बाकीच्या १३० घरांना धोकाच पोहोचला नव्हता. गणिताने ताळा घेतला तर एक, दोन, तीन, चार रोग्यांची घरे अनुक्रमे ३४, १६, ५, १ असायला हवीत. प्रत्यक्षात ३२, १६, ६, १ होती.

मॅकेंड्रिक यांनी यावरून म्हटले, की रोग पाण्यातून आलेला दिसतो. गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरे त्यांतल्या एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. गावात जाऊन चौकशी केल्यावर एक विशिष्ट विहीर रोगाचे मूळ असल्याचे आढळले. आकडे इतके थोडे आणि निष्कर्ष इतका उपयोगी, असे क्वचितच घडते. आणि येथेही निकाल लागला तो विहिरीपाशी जाऊन, कागदावर नव्हे.

त्याच एडिंबराच्या प्रयोगशाळेत विल्यम ओगिल्वी कर्मॅक हा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. जून १९२४ मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला, अल्कली डोळ्यांत गेली आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याची दृष्टी कायमची गेली. त्यानंतर सहकारी वाचून दाखवत आणि तो डोक्यात गणिते करी. या दोघांनी मिळून १९२७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथींच्या गणिती सिद्धांतावर लेख प्रसिद्ध केला. त्यातली मूळ कल्पना सोपी आहे. लोकसंख्येचे तीन गट करा : लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि साथीच्या खेळातून बाहेर पडलेले, मग ते बरे होऊन असोत वा मरून. पहिल्या गटातून दुसऱ्यात जाण्याचा वेग दोन्ही गटांच्या संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याचा वेग फक्त दुसऱ्या गटाच्या संख्येवर.

यातून निघालेला निष्कर्ष सोपा नव्हता. समजा, एक रोगी बरा होईपर्यंत सरासरी तिघांना लागण देतो. साथ पुढे सरकते तसे आधीच रोग होऊन गेलेले लोक वाढतात. त्या तिघांपैकी एकाला होऊन गेला असेल, तर नवे रोगी दोनच. दोघांना होऊन गेला असेल, तर एकाला एक. साथ वाढायची थांबली. त्यापुढे प्रत्येक रोग्यामागे एकाहूनही कमी नवे रोगी आणि साथ उतरणीला. जंतू पहिल्या दिवशी होता तितकाच जहाल आहे, लागण न झालेली माणसेही शिल्लक आहेत, तरी साथ विझते. चुलीतली लाकडे पूर्ण जळण्याआधीच, ती विरळ झाली म्हणून विस्तव विझावा, तसे हे आहे.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी याला उंबरठ्याचे रूप दिले. प्रत्येक रोगासाठी, प्रत्येक परिस्थितीत, लोकसंख्येच्या दाटीचा एक उंबरठा असतो. त्याखाली साथ पेटतच नाही. उंबरठा १००० चा असेल आणि वस्ती ११०० असेल, तर साथ सुमारे २०० जणांना गाठून थांबते. वस्ती उंबरठ्याच्या जितकी वर होती, साधारण तितकी खाली जाते. आता सारंगखेड्याच्या बाजाराकडे पाहिले तर यात्रा म्हणजे काय, हे गणिताच्या भाषेत सांगता येते. एरवी गावोगाव विखुरलेले घोडे उंबरठ्याच्या पुष्कळ खाली असतात. बाजारात आठ-पंधरा दिवसांसाठी ते उंबरठ्याच्या वर जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये गुरांत लंपी त्वचारोग पसरला तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद केले गेले, त्यामागे हाच विचार होता. विषाणूला काहीच केले नव्हते. जनावरांच्या गाठीभेटी तेवढ्या कमी केल्या होत्या.

सिद्धांत मांडला, तर पुरावा हवा. मॅकेंड्रिक यांनी मुंबईचे आकडे काढले : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने झालेले मृत्यू. प्लेगचे शंभरातले ऐंशी-नव्वद रोगी मरत, त्यामुळे मृत्यूंचा आकडा आणि ‘खेळातून बाहेर पडणाऱ्यांचा’ आकडा जवळजवळ एकच. सूत्राने काढलेला वक्र असा : सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यू, त्याच्या पाच आठवडे आधी आणि पाच आठवडे नंतर ३७४, दहा आठवडे आधी आणि नंतर ६३. सर्व मिळून ८९००. मुलांना आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडायला सांगावे. सुबक घंटा तयार होते. आणि मुंबईचे प्रत्यक्ष आकडे या घंटेच्या अगदी जवळून जातात. हाच तो प्रसिद्ध आलेख.

वक्र इतका जुळतो, की पाहणाऱ्याला वाटावे, सिद्धांत सिद्ध झाला! पण लेखकांनी स्वतः तसे म्हटले नव्हते. त्यांनी गृहीतके एकेक करून लिहिली आहेत. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे, असे आम्ही धरतो. सर्व उंदरांना लागण होण्याची शक्यता सारखीच धरतो. आजाराच्या सर्व काळात लागण देण्याची शक्ती तीच राहते, असे धरतो. पिसवा इतक्या भरपूर आहेत, की जणू उंदराला उंदराकडून थेट लागण व्हावी, असे धरतो. आणि यांतले एकही गृहीतक काटेकोरपणे खरे नाही, तेव्हा हे सूत्र फार ढोबळ आहे, अशी कबुलीही लगेच दिली आहे. पुढे पाठ्यपुस्तके आलेख उतरवून घेत गेली आणि ही कबुली गाळत गेली. काही पुस्तकांत तर उंदीरही गळाले. राहिली ती माणसांतून माणसांत पसरणारी साथ. म्हणजे १८९७ सालचे चुकीचे गृहीतक नकळत परत आले!

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. वक्र जुळतो ना? बिघडते ते उपाय ठरवताना. प्लेग माणसामाणसांतून पसरत असेल, तर पुरेशा माणसांना लस टोचली की वस्ती उंबरठ्याखाली जाते आणि न टोचलेलेही वाचतात. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतलेली लस टोचलेल्या माणसाला बऱ्याच अंशी वाचवी. पण गाठीचा प्लेग उंदीर आणि पिसवा यांच्यात फिरतो. माणूस हा त्या वाटेवरचा बंद बोळ आहे. सगळ्या गावाने लस घेतली तरी बिळातली साथ चालूच राहणार. दोन गृहीतके, तीच घंटा, आणि उपाय मात्र परस्परांहून अगदी वेगळे. घंटेकडे कितीही वेळ पाहिले तरी त्यातून उंदीर दिसत नाही. तो परळच्या कोठ्यांतच दिसला.

आणखी एक अडचण होती. मुंबईत प्लेग एकदाच आला नव्हता. १८९७ पासून तो वर्षानुवर्षे येत राहिला आणि दर वर्षी साधारण उन्हाळ्याच्या तोंडालाच चढून मग उतरला. लागण होऊ शकणारे उंदीर विरळ झाले एवढ्यामुळेच साथ ओसरत असेल, तर ओसरण्याची वेळ दर वर्षी पंचांग पाहिल्यासारखी कशी येईल? हवामानाचा हात त्यात उघड आहे. पिसवेच्या पोटात प्लेगचे जिवाणू अन्नमार्ग तुंबवतात, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि चावताना जिवाणू सोडते, हे बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ साली दाखवले होते. उष्मा वाढला की हे तुंबणे कमी होते. फ्रेंच गणिती निकोला बकाएर यांनी २०१२ साली मुंबईच्या १८९७ ते १९११ या काळातल्या आकड्यांचा पुन्हा अभ्यास करून ऋतुमान धरणारे, उंदीर आणि पिसवा वेगवेगळ्या मोजणारे प्रतिमान मांडले. १९२७ सालची घंटा ज्या तीन आकड्यांवर उभी आहे, ते तीन आकडे अनेक वेगवेगळ्या कारणांच्या मिश्रणातून येऊ शकतात, हे आज सर्वमान्य आहे.

मग कर्मॅक-मॅकेंड्रिक यांचे श्रेय कमी होते का? आम्हांला तसे वाटत नाही. साथ ओसरण्यासाठी जंतू दुबळा व्हावाच लागतो, हे ब्राऊनली यांचे म्हणणे त्यांनी खोडले, आणि त्यासाठी मुंबईच्या आलेखाची गरजच नव्हती. ते निव्वळ तर्काने झाले होते.

परंतु जंतू बदलतो, हे तर खरेच आहे. मग तो कोणत्या दिशेने बदलतो? १९५० साली ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव कमी करण्यासाठी मिक्झोमा विषाणू सोडण्यात आला. सुरुवातीला त्याने शंभरातले नव्याण्णवांहून अधिक ससे मारले. थोड्याच वर्षांत रानात सापडणारे विषाणू कमी जहाल असल्याचे फ्रँक फेनर आणि सहकाऱ्यांना आढळले. ‘रोग सौम्य होतो’ म्हणणाऱ्यांना बळ मिळाले. पण फेनर यांच्या आकड्यांत एक खोच होती : विषाणू अगदी सौम्यही झाले नाहीत, मधल्याच पायरीवर थांबले. १९८२ साली रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी त्याचे गणित मांडले. एका रोग्यापासून होणाऱ्या नव्या लागणी म्हणजे दर दिवशी लागण देण्याची शक्ती गुणिले रोगी जिवंत व आजारी राहण्याचे दिवस. विषाणू जहाल असेल तर पहिली संख्या मोठी, दुसरी लहान. फार सौम्य असेल तर उलट. ज्या पायरीवर गुणाकार सर्वांत मोठा, ती पायरी निवडली जाते. जंतूला आपल्याशी दया नाही आणि वैरही नाही. हा फक्त गुणाकार आहे.

हा गुणाकार परिस्थितीप्रमाणे बदलतो, आणि येथे नवापूर आठवते. रानबदकांत फिरणारे फ्लूचे विषाणू बहुधा सौम्य असतात. बदक उडत राहिले तरच विषाणू पुढच्या तळ्यावर जाणार. एका शेडमध्ये हजारो कोंबड्या दाटीने असतील, तर यजमान मेला तरी पुढचा यजमान हातभर अंतरावरच असतो. मग जहालपणाची किंमत फारशी पडत नाही. एच-५ जातीच्या विषाणूंची अतिजहाल रूपे पाळीव कोंबड्यांच्या कळपांत उद्भवतात, ती उगाच नव्हे. नवापूरला आलेला एच-५-एन-१ विषाणू बाहेरूनच जहाल होऊन आला होता आणि लाखो कोंबड्या मारून ती साथ थांबवावी लागली. विषाणू आपणहून निवळेल म्हणून कोणी थांबले नाही, हे बरेच झाले. कोविडच्या काळात तर बदलाचा वेग साऱ्यांनीच पाहिला. २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात बी.१.६१७ या वंशातले विषाणू वाढले आणि त्यांतून आलेल्या डेल्टा या रूपाने काही महिन्यांत आधीच्या रूपांना मागे टाकले. ते सौम्य नव्हते. वेगाने पसरणारे होते.

प्लेगचा जिवाणू या हिशेबात कोठे बसतो? त्याचा पूर्वज पोटाचा किरकोळ आजार करणारा जिवाणू होता. प्राचीन सांगाड्यांच्या दातांतून मिळालेल्या डीएनएवरून २०१५ साली असे दिसले, की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या जिवाणूत पिसवेच्या पोटात तगून राहण्यास मदत करणारे जनुक नव्हते; ते नंतर आले. पिसू रक्ताचा इवलासा थेंब पिते. त्यात जिवाणू यायचे, तर उंदराच्या रक्तात त्यांची प्रचंड गर्दी हवी, आणि एवढी गर्दी झालेला उंदीर सहसा वाचत नाही. म्हणून प्लेगच्या बाबतीत जहालपणा हीच प्रवासाची वाट आहे. तीस आठवड्यांच्या मुंबईच्या साथीत तो दुबळा होण्याची अपेक्षा ठेवण्यास काही आधार नव्हता.

आणि तरीही ब्राऊनली यांची कल्पना पूर्णपणे फोल ठरली असे नाही. मॅकमास्टर विद्यापीठ आणि पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट येथील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक विलक्षण गोष्ट आढळली. प्लेगच्या जिवाणूत ‘पीएलए’ नावाचे एक जनुक असते आणि त्याच्या अनेक प्रती असतात. सहाव्या शतकातल्या आणि चौदाव्या शतकातल्या, अशा दोन्ही जुन्या महासाथींत, सुरुवातीनंतर साधारण शंभरएक वर्षांनी, या जनुकाच्या प्रती कमी झालेले जिवाणू दिसू लागतात. आजच्या जिवाणूंतही काही असे सापडले. प्रयोगशाळेतल्या उंदरांत अशा जिवाणूंनी मृत्यूचे प्रमाण काहीसे कमी केले आणि आजारी प्राणी अधिक काळ जगले. या संशोधकांचे गणिती प्रतिमान सांगते, की साथीने उंदरांची वस्ती विरळ आणि तुटक होते तेव्हा हे सौम्य रूप टिकून राहू शकते. कारण दुसऱ्या वस्तीपर्यंत पोहोचायला उंदीर चार दिवस जगला पाहिजे. उंदीर पुन्हा दाट झाले, तर पारडे पुन्हा जहाल रूपाकडे झुकते. ब्राऊनली यांनी जो बदल काही आठवड्यांत होतो असे मानले, त्याला शतक लागले. आणि त्या दोन्ही जुन्या महासाथींतले हे सौम्य वंश पुढे नामशेष झाले.